चित्रांमागच्या गोष्टींवर क्विझ: पहिल्यांदा प्रश्न काढायला बसणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा चित्रकलेवर क्विझ घेतली तेव्हा ४० प्रश्न काढले होते, आणि त्यातल्या तीसेक प्रश्नांचा साचा एकच: पडद्यावर चित्र टाकायचं आणि विचारायचं, ‘हे कोणी काढलं?’ दहाव्या प्रश्नापर्यंत खोलीत दोघीच जाग्या होत्या. एक मी आणि दुसरी चित्रकला शिकलेली एक मुलगी, जिला सगळंच येत होतं. बाकीच्यांचे फोन बाहेर निघाले होते. मध्येच लॅपटॉप अडला, म्हणून वेळ मारून न्यायला मी मोनालिसाच्या चोरीची गोष्ट सांगितली, तर फोन एकेक करून खाली गेले. निघताना लोक त्या चोराबद्दलच बोलत होते. माझ्या ४० प्रश्नांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

तेव्हापासून मी दुसऱ्या टोकाने सुरुवात करते. आधी गोष्ट शोधायची, ती आवडली तरच तिच्यातून प्रश्न काढायचा. तुमचं चित्रकलेचं शिक्षण झालेलं नसलं तरी काही बिघडत नाही. उलट बरंच आहे, कारण समोर बसणाऱ्यांचंही बहुतेक वेळा झालेलं नसतं, आणि आपल्याला जिथे नवल वाटलं तिथेच त्यांनाही वाटतं.

आधी गोष्टी जमवा

एक वही करा. तिच्यात चित्रकारांची नावं लिहू नका, गोष्ट एका वाक्यात लिहा. ‘चित्र चोरीला गेलं आणि लोक रिकामी भिंत बघायला आले.’ ‘चित्रातल्या शेतकऱ्यासाठी उभा राहिलेला माणूस दातांचा डॉक्टर होता.’ ‘खोटी चित्रं काढणाऱ्याला आपण खोटारडे आहोत हे साक्षीदारांसमोर सिद्ध करावं लागलं.’ असं वाक्य करता येत नसेल तर त्या चित्रात क्विझपुरती तरी गोष्ट नाही, पुढे चला. चित्र थोर असू शकतं, तो मुद्दा वेगळा.

मोनालिसाचंच घ्या. २१ ऑगस्ट १९११, सोमवार. पॅरिसचं लूव्र संग्रहालय सोमवारी प्रेक्षकांसाठी बंद असायचं. विन्चेन्झो पेरुज्जा हा इटालियन कारागीर, जो पूर्वी तिथे काम करून गेलेला होता, त्याने चित्र भिंतीवरून उतरवलं, चौकट काढून टाकली आणि ते घेऊन बाहेर पडला. चोरी कळली दुसऱ्या दिवशी! भिंतीवर जागा रिकामी दिसली तरी कोणाला खटकलं नाही, कारण चित्रं फोटो काढण्यासाठी अधूनमधून खाली उतरवली जायचीच. संग्रहालय पुन्हा उघडल्यावर लोक ती मोकळी जागा बघायला गर्दी करू लागले. कवी अपोलिनेर काही दिवस तुरुंगात जाऊन आला, पिकासोची चौकशी झाली. दोघांचाही या चोरीशी संबंध नव्हता. दोन वर्षं चित्र पेरुज्जाच्या पॅरिसमधल्या खोलीत पडून होतं. डिसेंबर १९१३ मध्ये त्याने फ्लॉरेन्समधल्या एका विक्रेत्याला ते देऊ केलं आणि पकडला गेला.

आता या एका गोष्टीत प्रश्न किती आहेत ते मोजा. चोरी नेमक्या कोणत्या वारी झाली असेल आणि का? रखवालदारांनी रिकाम्या जागेचा काय अर्थ लावला? संशयावरून कोणत्या प्रसिद्ध चित्रकाराची चौकशी झाली? चोरीनंतर प्रेक्षक काय बघायला रांग लावत होते? माझा लाडका प्रश्न मात्र वेगळा आहे: ‘चोराला हे चित्र गुंडाळी करून नेता आलं असतं का?’ लोक हमखास ‘हो’ म्हणतात. उत्तर ‘नाही’, कारण ते कापडावर काढलेलंच नाही, पॉप्लरच्या लाकडी फळीवर आहे. ज्यांनी मोनालिसा हजार वेळा पाहिली आहे त्यांनाही हे ऐकल्यावर ती पुन्हा एकदा बघावीशी वाटते.

गोष्ट निवडताना माझी कसोटी हीच. उत्तर सांगितल्यावर ऐकणाऱ्याची मान पुन्हा चित्राकडे वळली पाहिजे. नुसत्या चित्रकाराच्या भानगडी, लग्नं, कर्जं यांच्यावर प्रश्न काढणं सोपं असतं, पण ते कोणाही प्रसिद्ध माणसाबद्दल विचारता येतील. त्यासाठी चित्र कशाला हवं?

गोष्टीचा प्रश्न करताना

नवखे लोक घसरतात ते इथे, म्हणून हा भाग जरा सावकाश.

रेम्ब्रांटचं ‘द नाइट वॉच’ घेऊ, म्हणजे ‘रात्रीची गस्त’. १६४२ सालचं चित्र, नागरी संरक्षक दलाच्या एका तुकडीचं. गोष्ट अशी की त्यात रात्र नाहीच. वर दिलेला व्हार्निशचा थर काळवंडत आणि मळत गेला, चित्र इतकं अंधारलं की अठराव्या शतकाच्या अखेरीस लोक त्याला रात्रीचं चित्र म्हणू लागले. १९४० च्या दशकात तो काळा थर काढला तेव्हा खालून उजेड निघाला. तोवर नाव घट्ट बसलं होतं.

माझा पहिला खर्डा: ‘द नाइट वॉच हे चित्र कोणी काढलं?’ माहीत असेल तर दोन सेकंदांत उत्तर, नसेल तर दोन तास दिले तरी नाही. हा प्रश्न कोणाला विचार करायला लावत नाही, फक्त ज्याला येतं त्याला शोधून काढतो.

दुसरा खर्डा: ‘द नाइट वॉच या चित्राचं नाव चुकीचं का आहे?’ बरा आहे, पण मुठीतून वाळू गळावी तसं उत्तर गळतंय. ‘नाव चुकीचं’ म्हटल्याबरोबर कोणीतरी ‘रात्र नसणार’ म्हणतं, आणि तेवढ्यावर गुण द्यायचे की नाही यावर वाद होतो.

तिसरा: ‘१६४२ साली काढलेल्या या चित्राला पुढच्या शतकात लोक रात्रीची गस्त म्हणू लागले. चित्रकाराने रात्र रंगवलीच नव्हती. मग लोकांना ती दिसली कुठून?’

आता बघा काय होतं. रेम्ब्रांटचं नावही न ऐकलेला माणूस विचार करू शकतो. जुन्या लाकडी कपाटाचं पॉलिश काळं पडलेलं ज्याने पाहिलंय त्याच्या डोक्यात काहीतरी चमकेल. कोणी म्हणेल धूर, कोणी म्हणेल रंग उडाले. टीममध्ये कुजबूज सुरू होते, आणि क्विझमध्ये कान लावून ऐकावं असं काही असेल तर ती कुजबूजच. क्विझवाले अशा प्रश्नाला ‘वर्कआउट होणारा’ म्हणतात: उत्तर पाठ नसलं तरी तिथवर चालत जाता येतं. आणि उत्तर आल्यावर मागची जी गोष्ट सांगायची तिला म्हणतात ‘फंडा’. प्रश्न लिहिण्याआधी फंडा लिहा, म्हणजे प्रश्नात नेमकं काय लपवायचंय ते कळतं.

तिसऱ्या खर्ड्यात आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. विचारायचं वाक्य सगळ्यात शेवटी आहे. ते आधी आलं की पुढची माहिती कोणी ऐकत नाही. आणि ‘चित्रकाराने रात्र रंगवलीच नव्हती’ हे मी स्वतःच सांगून टाकलंय, म्हणजे अर्धवट उत्तराला जागाच उरली नाही. जे हातून निसटणारच आहे ते आधी देऊन टाकावं आणि त्याच्या पलीकडचं विचारावं.

लांबी? एका दमात मोठ्याने वाचता आला तर ठीक. मध्ये श्वास घ्यावा लागला तर एक वाक्य काढा.

उत्तर एकच हवं

एकदा मी विचारलं, ‘एडवर्ड मुंकचं द स्क्रीम कोणत्या संग्रहालयात आहे?’ एका टीमने ओस्लोचं राष्ट्रीय संग्रहालय सांगितलं, दुसरीने ओस्लोचंच मुंक संग्रहालय. मी पहिल्यांना गुण दिले, दुसऱ्यांना नाही, आणि मग पुढची दहा मिनिटं काय झालं ते विचारू नका. दोघेही बरोबर होते. मुंकने ‘द स्क्रीम’ रंगांत चारदा केलंय, दोनदा रंगवलं आणि दोनदा खडूंनी. वर १८९५ चा लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, वेगळाच. त्यातली काही एकीकडे, काही दुसरीकडे, एक खासगी मालकीचं.

चित्रांच्या बाबतीत हा खड्डा वारंवार येतो. एकाच विषयाची अनेक चित्रं, एकाच साच्यातून ओतलेले अनेक पुतळे, एकाच ठोकळ्यावरून छापलेल्या शेकडो प्रती. जपानी चित्रकार होकुसाईची ‘मोठी लाट’ मूळ कुठे आहे, हा प्रश्नच चुकीचा, कारण ती लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली आहे आणि तिच्या प्रती जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ती ज्या मालिकेतली आहे तिचं नाव ‘फुजी पर्वताची ३६ दृश्यं’, आणि मालिकेत चित्रं ४६, कारण खप बघून दहा वाढवली. ‘मालिकेत किती चित्रं आहेत?’ असं साधं विचारलंत तर भांडण. ‘नावात ३६ आहेत, प्रत्यक्षात जास्त आहेत, असं का झालं असेल?’ असं विचारलंत तर प्रश्न.

‘द स्क्रीम’चा प्रश्न मी नंतर बदलला. १८९३ सालच्या रंगवलेल्या चित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात एक वाक्य आहे, अर्थ असा की हे एखाद्या वेड्यानेच काढलेलं असणार. बरीच वर्षं समज होता की प्रदर्शनात कोणा चिडलेल्या प्रेक्षकाने ते खरडलं असावं. २०२१ मध्ये संग्रहालयाने अवरक्त किरणांनी फोटो काढून अक्षर ताडून पाहिलं. कोणाचं निघालं? स्वतः मुंकचं. इथे वर्ष बांधलेलं आहे, चित्र बांधलेलं आहे, उत्तर एकच आहे, आणि सांगून झाल्यावर दोन क्षण सगळे गप्प होतात.

प्रत्येक प्रश्नाखाली ‘हेही चालेल’ असं लिहून ठेवायची सवय लावा. ‘व्हार्निश काळं पडलं’ हे उत्तर. ‘वरचा थर मळला’ चालेल. ‘रंग फिके झाले’ नाही. नावांच्या उच्चारावरून कोणाचे गुण कापू नका. व्हॅन गॉग, व्हॅन गो, फान खॉख, सगळे तेच.

ऐकीव गोष्टी गाळून घ्या

चित्रकलेइतक्या भाकडकथा दुसऱ्या कुठल्या विषयात नसतील. चित्रकार म्हटला की लोकांना तो उपाशी, वेडा आणि गैरसमजाचा बळीच हवा असतो, आणि गोष्टीही मग तशाच घडवल्या जातात.

‘व्हॅन गॉगचं हयातीत फक्त एक चित्र विकलं गेलं’ ही त्यातली सगळ्यात धष्टपुष्ट. खरं इतकंच की ‘द रेड विनयार्ड’ हे तैलचित्र १८९० मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात ४०० फ्रँकला गेलं आणि ते घेतलं ॲना बॉख हिने, जी स्वतः चित्रकार होती. पण ‘फक्त एक’ हे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्याच्या काकाने शहराची रेखाचित्रं त्याच्याकडून पैसे देऊन करून घेतली होती. मग प्रश्न सोडून द्यायचा का? नाही, वळवायचा: ‘व्हॅन गॉगचं द रेड विनयार्ड १८९० मध्ये विकत घेणाऱ्या ॲना बॉखचा स्वतःचा व्यवसाय कोणता?’ ऐकीव गोष्टीच्या अगदी शेजारून जातो, पण जमीन पक्की आहे.

मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलचं छत पाठीवर झोपून रंगवलं, हेही असंच. १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं तो ते करत होता, पण उभ्याने. पुरावा त्यानेच ठेवलाय: आपल्या हालांवर त्याने एक विनोदी सुनीत लिहिलं, दाढी आकाशाकडे, चेहऱ्यावर रंगाचे थेंब, असं सगळं, आणि बाजूला स्वतःचं छोटं चित्र काढलं, हात वर करून उभ्याने रंगवणारं. इथे ती भाकडकथाच प्रश्नाचं इंधन होते. ते रेखाचित्र पडद्यावर टाका आणि विचारा, ‘या चित्रामुळे मायकेलअँजेलोबद्दलचा कोणता समज खोटा ठरतो?’

तिसरा घोळ ‘फ्रेस्को’ या शब्दाचा. ओल्या गिलाव्यावर रंगवलं तर तो फ्रेस्को. लिओनार्दोचं ‘द लास्ट सपर’ भिंतीवर आहे म्हणून लोक त्याला बिनदिक्कत फ्रेस्को म्हणतात, पण त्याने ते कोरड्या भिंतीवर केलं. त्याला सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवत काम करायचं होतं, आणि ओला गिलावा तेवढी सवड देत नाही. किंमत अशी मोजावी लागली की रंग त्याच्या हयातीतच सुटायला लागले. अजिंठ्याची भित्तिचित्रंही कोरड्या गिलाव्यावरची, पण त्यांनाही फ्रेस्को म्हणायची चाल आहेच. तुमच्या प्रश्नात ‘फ्रेस्को’ आला की थांबा आणि तपासा.

तपासायचं कसं? चित्र ज्या संग्रहालयात आहे त्याने स्वतः काय लिहिलंय ते आधी बघा. मग दुसरीकडे, आणि दोन्ही ठिकाणी मजकूर शब्दशः सारखा असेल तर ते दोन आधार धरू नका. एकाने दुसऱ्याचं उचललंय. जिथे मोठमोठ्या थोरांच्या तोंडी चटकदार वाक्यं घातलेली असतात तिथे विशेष सावध. मी तर अशी वाक्यं क्विझमध्ये वापरतच नाही.

पर्याय द्यायचेच असतील तर

शक्यतो देऊ नका, पण नवख्या मंडळींसाठी सुरुवातीचे चार-पाच प्रश्न पर्यायांचे ठेवले तर भीड चेपते. चुकीचे पर्याय खरे वाटले पाहिजेत एवढं बघा. ग्रँट वूडच्या ‘अमेरिकन गॉथिक’मधला दाताळं धरून उभा असलेला माणूस प्रत्यक्षात कोण होता? शेतकरी, धर्मोपदेशक, दातांचा डॉक्टर, सुतार. चारही चेहऱ्याला शोभतात. उत्तर: वूडचा स्वतःचा दातांचा डॉक्टर. शेजारची बाई वूडची बहीण. (लोक तिला शेतकऱ्याची बायको समजतात, चित्रात ती त्याची मुलगी आहे.)

आकड्यांचे पर्याय देताना ते लांब लांब ठेवा. व्हर्मेअरचं मोत्याच्या डुलातल्या मुलीचं चित्र १८८१ मध्ये लिलावात कितीला गेलं (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच चलन): २ गिल्डर, २००, २,०००, की २०,०००? २ गिल्डर. तेच १९०, २००, २१०, २२० असे ठेवले असते तर तो निव्वळ मटका झाला असता.

चित्रफेरी

अख्खं चित्र दाखवून नाव विचारणं म्हणजे पुन्हा माझी ती पहिली क्विझ. त्यापेक्षा तुकडा दाखवा, आणि तुकडा असा की त्यात गोष्ट असेल. यान व्हान आइकचं १४३४ चं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र आहे. त्यात मागच्या भिंतीवर एक गोल आरसा आहे, आणि त्या आरशात जोडप्याच्या पाठी तर दिसतातच, पण दारातून आत येणारे आणखी दोघेही दिसतात. आरशाच्या वर लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘यान व्हान आइक इथे होता’. आधी फक्त आरसा मोठा करून दाखवा: ‘या खोलीत एकूण किती माणसं आहेत?’ लोक पुढे वाकून मोजतात. मग अख्खं चित्र उघडा. त्यात दोनच दिसतात, आणि आरसा नखाएवढा.

होल्बाइनचं ‘द अँबॅसडर्स’, १५३३, तर चित्रफेरीसाठीच काढलंय की काय असं वाटतं. दोन श्रीमंत गृहस्थ, मध्ये शास्त्रीय उपकरणं, आणि पायांपाशी एक तिरका, ताणलेला, कशाचाच न वाटणारा डाग. ‘हे काय आहे?’ असं विचारा आणि एकाला उठून पडद्याच्या उजव्या कडेला, अगदी भिंतीला टेकून उभं राहायला सांगा. तिथून पाहिलं की त्या डागाची कवटी होते. मी हा प्रश्न विचारते तेव्हा गुण कोणाला मिळाले हे कोणाच्या लक्षातही राहत नाही, सगळे पडद्याच्या कडेला गर्दी करून उभे असतात. फोनवर खेळत असाल तर फोन डोळ्यासमोर आडवा धरून उजव्या कडेने बघायला सांगा, चालतं.

चित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून घ्या. जुन्या चित्रांच्या मोठ्या, स्वच्छ प्रतिमा अनेक संग्रहालयं मोफत देतात, आणि आरसा मोठा करून दाखवायचा तर तेवढी मोठी प्रतिमा लागतेच. आधुनिक चित्रकारांच्या बाबतीत हक्क अजून शाबूत असू शकतात. घरगुती बैठकीत हरकत नाही, छापणार असाल तर चौकशी करा.

आणि फाइलचं नाव बदला, कृपा करून. एकदा मी मोठ्या ऐटीत चित्राचा एक कोपरा दाखवला आणि पडद्याच्या वरच्या पट्टीत चित्रकाराचं पूर्ण नाव झळकत होतं. आता मी फाइल्सना ‘१’, ‘२’, ‘३’ अशीच नावं देते.

कनेक्ट

कनेक्ट म्हणजे दोन-तीन गोष्टी द्यायच्या आणि त्यांना जोडणारा धागा विचारायचा. करायला अवघड, पण एक तरी असावा. धागा जितका साधा तितका बरा. ‘तिन्ही चित्रकार डच होते’ हा धागा नव्हे, ते वर्गीकरण झालं.

माझ्याकडचा एक देते. पडद्यावर दोन चित्रं: ‘द लास्ट सपर’ आणि ‘द नाइट वॉच’. ‘या दोन्ही चित्रांचा काही भाग कायमचा गेला, आणि दोन्हीकडे गुन्हेगार एकच. कोण?’ लोक युद्ध म्हणतात, आग म्हणतात, पूर म्हणतात, कोणीतरी नेपोलियनचं नाव घेतंच. उत्तर: दार. ‘द लास्ट सपर’ असलेल्या भिंतीत १६५२ मध्ये दार पाडलं आणि त्यात येशूचे पाय गेले. ‘द नाइट वॉच’ १७१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या नगरभवनात नेलं तेव्हा दोन दारांच्या मधल्या जागेत मावेना, म्हणून चारही बाजूंनी कापलं. कापलेले तुकडे आजवर सापडले नाहीत. सुदैवाने कापण्याआधीची एक छोटी नक्कल आहे, तिच्यावरून २०२१ मध्ये संगणकाच्या मदतीने हरवलेल्या कडा तयार करून काही काळ मूळ चित्राभोवती लावल्या होत्या.

क्रम आणि वेळ

पहिला प्रश्न सोपा, म्हणजे क्विझवाल्यांच्या भाषेत ‘सिटर’. प्रत्येक टीमला पहिल्या तीन प्रश्नांत एकदा तरी टाळी मिळावी. उदाहरणार्थ, १८७४ च्या प्रदर्शनात मोनेच्या एका चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने सगळ्या मंडळींची टर उडवली आणि तेच शैलीचं नाव झालं, कोणती शैली? चित्राचं नाव ‘इम्प्रेशन, सनराइज’ असं पडद्यावर दिसत असताना हा चुकणं कठीण.

एकूण प्रश्न १५ ते २०, त्याहून जास्त नकोत. गोष्टीला वेळ लागतो. प्रश्न, विचार, उत्तर, फंडा मिळून एकाला तीन मिनिटं धरा.

सगळ्यात मोठी गोष्ट मधोमध ठेवा, लोक थकायला लागतात तिथे. मी तिथे हान व्हान मेगरेनला बसवते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, या डच चित्रकाराला अटक झाली. आरोप गंभीर होता: व्हर्मेअरचं एक चित्र, म्हणजे राष्ट्राचा ठेवा, त्याच्यामार्फत नाझी नेता हेर्मान गोरिंगपर्यंत पोहोचलं होतं. शत्रूशी संगनमत. इथे मी थांबते आणि विचारते, ‘सुटकेसाठी त्याने काय कबूल केलं, आणि ते पटवण्यासाठी त्याला काय करून दाखवावं लागलं?’

पूर्ण एक मिनिट द्या. दोन भागांचा प्रश्न आहे, दोन्हीचे गुण वेगळे. पहिल्या भागापर्यंत बरेच जण पोहोचतात: ते व्हर्मेअर नाही, मीच काढलंय. दुसऱ्याला वेळ लागतो, कारण तज्ज्ञांनी ज्या चित्रांना खरं म्हटलं होतं ती खोटी आहेत यावर कोण विश्वास ठेवणार? त्याला साक्षीदारांसमोर आणखी एक ‘व्हर्मेअर’ रंगवून दाखवावं लागलं. फंड्यात मी एवढंच जोडते की तैलरंग पूर्ण कडक व्हायला कित्येक वर्षं लागतात, आणि ती जुनी टणक तकाकी आणायला तो रंगात बेकेलाइटसारखं कृत्रिम राळ मिसळून चित्र भाजायचा. १९४७ मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगण्याआधीच तो वारला. यानंतर दोन मिनिटं कोणी पुढचा प्रश्न मागत नाही. मागू नये, पाणी प्यावं.

आदल्या दिवशी सगळे प्रश्न एका अशा माणसावर करून बघा ज्याला चित्रकलेत काडीचा रस नाही. ज्या प्रश्नावर तो ‘मला काय माहीत’ म्हणेल तो काढा. ज्यावर तो चुकीचं का होईना, काहीतरी म्हणेल तो ठेवा. माझ्याकडे हे काम भाऊ करतो, आणि दर वेळी माझे पाच-सहा लाडके प्रश्न त्याच्यामुळे गळतात. रडत-कुढत काढते, पण काढते.

टायब्रेकर

बरोबरी झाली तर हाताशी एक आकड्याचा प्रश्न हवा, जवळच्या आकड्याला विजय. आकडा असा हवा की कोणालाच नक्की माहीत नसेल, पण अंदाज बांधताना मजा येईल.

माझा ठरलेला आहे. मातिसचं ‘ल बातो’, म्हणजे ‘नाव’: कागद कापून केलेली निळी शिडाची होडी आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब. आधी चित्र पडद्यावर मुद्दाम उलटं टाकते. कोणी काही बोलत नाही. मग सांगते की १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात हे असंच, उलटं टांगलेलं होतं. संग्रहालयाच्या लोकांना दिसलं नाही, समीक्षकांना दिसलं नाही. लक्षात आलं ते चित्र बघायला आलेल्या एका शेअर दलाल बाईच्या, कारण तिला वाटलं, खरी होडी प्रतिबिंबापेक्षा साधी कशी असेल? आता कागदावर एकच आकडा लिहा, शेजारच्याला दाखवू नका: ते किती दिवस उलटं होतं?

४७.